शकूचा अनंत

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या, की उठून चहा टाकायला जाणारा माणूस मी. सोलापुरात भवानी पेठेत यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे अडलेला माग सुरू करून देणारा. माग अडला तर कुठंतरी कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत मला चैन पडत नाही... त्यामुळे हे लिहितानाही माझी चिडचिडच होतेय.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळ. नळाला दोन दिवसांआड पाणी, तेही घागरभर. आमच्या अंगणात अर्ध्या ड्रममध्ये आईनं वाढवलेला अनंत होता. पांढरीशुभ्र फुलं, वास गल्लीच्या टोकापर्यंत. आदल्या पावसाळ्यात तिनं त्याच्या एका फांदीची साल गोल सोलली, वर माती आणि गोणपाट बांधलं. मुळं फुटल्यावर ती गुटी कापून तेलाच्या डब्यात लावली आणि धाकट्या बहिणीच्या, शकूच्या लग्नात तो डबा तिच्याबरोबर नातेपुत्याला सासरी पाठवला.

पाण्याचे हाल सुरू झाले तसं मी आईला बजावलं — झाडाला थेंब नाही. ती कबूल झाली. पण महिना उलटला तरी अनंत हिरवागार! कळ्या धरलेल्या! माती ओली! मी भडकलो.

"आई, चोरून पानी घालतीस व्हय?"

"शकूची आन हाय. टिपूसबी घातला न्हाय."

मी तिला खोटारडी म्हणालो. त्याची आजही लाज वाटते.

रविवारी सुट्टी होती, चोर पकडायचाच म्हणून स्टूल टाकून ड्रमसमोर बसलो. ड्रम विटांवर होता. खाली वाकून बघितलं, सगळं कोरडं. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. आई समोरच चुलीपाशी भाकरी थापत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत माती मधोमध काळी पडली... ओल कडेपर्यंत पसरत गेली. वरून काहीही पडलं नव्हतं! मग मातीवर पांढरट फेस आला, आंबट वास सुटला. मी बोट बुडवून जिभेला लावलं.

ताक होतं!

आमच्याकडे दूध चहापुरतंच यायचं, ताक कुठलं? आईला बोलावून तिलाही चाखायला लावलं.

गुरुवारी शकूचं पत्र आलं. आईला वाचता येत नसे, मी मोठ्यानं वाचलं. 'दादा, माझा अनंत वाळत चाललाय. माझ्या प्यायच्या वाटणीतला तांब्या रोज अकराला त्याला घालते, तरी घटकाभरात माती कोरडी. सासूबाई म्हणतात, पाणी ओततेस कुठं, खोटं बोलतेस. रविवारी माझ्या वाट्याचं ताक घातलं, तेही दिसेनासं झालं. परवा विहिरीवर मला घेरी आली. आईला सांगू नको.'

पण ते मी वाचून बसलो होतो. आई ड्रमकडे बघत राहिली.

"माजी लेक तहानलेली ऱ्हातीया... आन् हितं कळ्या धरत्यात व्हय रं?"

ती उठली. कोयता घेऊन तिनं अनंत बुडातून तोडला, मुळं उपटून काढली. वर्षानुवर्षं पोरासारखं जपलेलं झाड! कळ्या अंगणभर पडल्या होत्या आणि ती त्यांच्यात बसून रडत होती. मीही रडलो.

आम्ही शकूला काही कळवलं नाही. आठवड्यानं तिचंच पत्र आलं — 'दादा, गुरुवारपासून माती ओली राहतेय. सासूबाईंनीही हात लावून बघितलं. नवा कोंब आलाय.'

कारण मला आजवर सापडलेलं नाही. तारखा जुळवून बघितल्या, शहाण्यासुरत्या माणसांना विचारलं... काही नाही. आई गेली. नातेपुत्याचा अनंत आता माझ्या डोक्यावर गेलाय. मी गेलो की शकू दरवेळी म्हणते, "आईच्या झाडाची एक फांदी तरी घेऊन जा की, दादा."

एस.टी.ला गर्दी असते म्हणतो आणि रिकाम्या हातानं परततो. तिच्या तोंडचं पाणी पुन्हा माझ्या दारात यायला नको.