कोऱ्या कागदावरची सही

माझा दादा मध्य प्रदेशात, धारला चांदीचं काम करतो. नवे दागिने तो घडवत नाही. मोडलेलं जोडतो, चेपलेलं सरळ करतो, काळं पडलेलं उजळतो. तिथल्या मराठी घरांतले देवांचे टाक, गौरींचे मुखवटे, आसपासच्या गावांतल्या मंदिरांची निरांजनं असं सगळं त्याच्या छोट्या दुकानात येतं. आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय. मी मात्र लग्न होऊन देवासला आले आणि इथल्या एका शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते. नागरिकांचे अधिकार हा धडा मी बावीस वर्षं शिकवतेय, तोही हिंदीतून. हे सांगणं भाग आहे, कारण पुढे जी चूक झाली ती माझी होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसरा तास संपला आणि वहिनीचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरले.

"ह्यांना पोलीस घेऊन गेले," ती म्हणाली. "दुकानातून. साडेनऊ-दहाला. एक छत्र दुरुस्तीला आलं होतं ना, ते चोरीचं आहे म्हणे."

देवाच्या डोक्यावर धरतात तसलं चांदीचं छत्र. चार दिवसांपूर्वी मनावर गावाकडच्या एका माणसाने ते आणून दिलं होतं. दांडी तुटलेली आणि कडेच्या घुंगरांपैकी निम्मे गायब. दादा तेव्हा एकसष्ट पूर्ण करून बासष्टाव्या वर्षात होता. पोलीस ठाण्याची पायरी त्याने फक्त एकदा चढली होती, तीही हरवलेल्या सायकलसाठी.

मी दादाच्या मोबाइलवर फोन लावला. नवल म्हणजे त्यानेच उचलला. शेजारी शिपाई बसलेला होता, त्याने बोलू दिलं.

"अगं, एका कागदावर सही कर म्हणताहेत," दादा म्हणाला.

"काय लिहिलंय त्यावर?"

"काहीच नाही. कोरा आहे. म्हणताहेत, नंतर लिहू, साधी फॉर्मॅलिटी आहे."

मागून हिंदीत आवाज आला, "हिंदी में बात करो भिया, हमको भी समझे."

मी क्षणभरही विचार केला नाही. "करून टाक सही आणि घरी जा," मी म्हणाले.

त्याने सही केली. घरी मात्र सोडलं नाही. थोड्या वेळाने फोन बंद झाला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आमच्या घराच्या कागदपत्रांचं काम ज्यांनी केलं होतं त्या देवासच्या वकीलकाकांना फोन केला. वयस्कर माणूस, माझ्या सासऱ्यांच्या ओळखीतले. ते सरळ म्हणाले, "हे बघा सूनबाई, मी दिवाणी वकील. जमिनीचं, वारसाचं विचारा. फौजदारी वेगळी. आणि देवासहून कोणाला गाडीत घालून नेऊ नका. धारच्या कोर्टात जो रोज फौजदारीत उभा राहतो, तोच शोधा. त्याला ठाणंही माहीत असतं आणि कोर्टाच्या वेळाही." मग थांबून त्यांनी विचारलं, "सही वगैरे काही केली का त्यांनी?" मी सांगितलं. "बरं, निघा तुम्ही," ते म्हणाले.

इंदूरला बस बदलून धारला पोचायला तीन वाजले. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट मनात घोळवत होते: वर्गात एखाद्या मुलीने हाच प्रश्न विचारला असता, तर मी काय उत्तर दिलं असतं? "कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये." इतकं सोपं. परीक्षेत दोन मार्कांचं.

वहिनी कोर्टाच्या फाटकापाशी उभी होती. मी पोचायच्या आधीच काळ्या कोटातला एक माणूस तिच्याशी बोलत होता. "थाने में अपनी पूरी पहचान है बहनजी, शाम तक छुड़वा देंगे. बस वकालतनामे पर दस्तखत कर दो." वहिनी माझ्याकडे बघत होती, मी हो म्हणावं म्हणून. खरं सांगायचं तर मीही हो म्हणणार होते. फक्त हातात पेन घेतल्यावर सकाळचा कागद आठवला आणि मी त्यांना विचारलं, "कोणत्या ठाण्याचं प्रकरण आहे, ते सांगितलंय का हिने तुम्हाला?" त्यांनी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, जरा विचार करून सांगते.

आवारात टाइपिंगवाल्यांची रांग असते. त्यातल्या एका म्हाताऱ्या टाइपिस्टला आम्ही सरळ विचारलं, की फौजदारीचे जामीन-अर्ज रोज तुमच्याकडून कोण टाइप करून घेतं? त्यांनी दोन नावं सांगितली. त्यातले एकजण इंदूरला गेले होते. दुसरी एक बाई होती, पस्तिशीची, टिनाच्या शेडखाली एका टेबलाशी बसून डबा खात होती. मनावरकडच्या कुठल्याशा खेड्यातली. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं माळवी. तिने डबा बाजूला सारला आणि विचारायला सुरुवात केली.

"कितने बजे ले गए? कौन आया था, वर्दी में था? धारा बताई? आपको लिख के कुछ दिया? फोन पे बात हुई?"

वहिनीने जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. सहीचं मी सांगितलं, आणि सही करायला मीच सांगितलं हेही. तिने मान वर केली नाही, फक्त वहीत वेळ लिहून घेतली.

"ठीक है," ती म्हणाली. "अभी वो बाद में. पहले ये पता करना है कि गिरफ्तार किया है कि बस बिठा रखा है."

ठाणं जवळच होतं. दादा आतल्या बाकावर बसला होता, चष्मा हातात घेऊन. आम्हाला बघून तो उठला नाही. मला वाटतं, उठायची परवानगी लागते असं त्याने धरलं होतं.

वकीलबाईंचा आवाज एकदाही चढला नाही. त्यांनी ठाणेदारांना नमस्कार केला, आपलं ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, "सर, गिरफ्तारी है या पूछताछ?"

"पूछताछ है. माल इन्हीं की दुकान से मिला है."

"गिरफ्तारी है तो कारण लिख के दे दीजिए, और घरवालों को सूचना. पूछताछ है तो नोटिस दे दीजिए, जब बुलाएँगे तब हाजिर होंगे. धारा में सात साल से कम है, उमर भी देख लीजिए."

ठाणेदारांनी थोडा वेळ काही कागद चाळले. मग म्हणाले, "मैडम, भाग-वाग गए तो?"

"साठ साल से एक ही दुकान है, सर. कहाँ भागेंगे?"

मग तिने दादाकडे फोन मागितला. दादाला एक सवय आहे: काम हातात घेण्याआधी तो वस्तूचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवतो, म्हणजे नंतर वाद नको. त्या छत्राचेही तीन फोटो पाठवलेले होते, आणि खाली त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलेलं, "कौन से मंदिर का है? नाम खोदना है क्या?" त्याला उत्तर आलं नव्हतं. वकीलबाईंनी ते ठाणेदारांसमोर धरलं. "चोरी का माल समझ के रखने वाला नाम खुदवाने का पूछेगा क्या, सर?"

संध्याकाळी सहाच्या सुमारास नोटीस लिहून मिळाली. दादाने ती वाचून, मला वाचून दाखवून, मग सही केली. आणि आम्ही चालत घरी आलो. घरी आल्यावर दादा हातपाय धुऊन देवापुढे बसला, बराच वेळ. वहिनीने खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत त्या टिनाच्या शेडखाली गेलो. तेव्हा तिने आम्हाला नीट बसवून सांगितलं. अटक केली तर कारण सांगावंच लागतं आणि घरच्या एकाला कळवावंच लागतं. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. तिची 'धारा' म्हणजे कलम; त्यात सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल, आणि माणूस साठीच्या पुढचा असेल तर जास्तच, पोलीस सहसा अटक न करता नोटीस देऊन बोलावतात. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही करायची नसते. पंचनाम्यावर करायची तर आधी वाचून. स्वतःविरुद्ध बोलायला कुणी भाग पाडू शकत नाही. आणि वकील परवडत नसेल तर ह्याच आवारात विधिक सेवेचं ऑफिस आहे, कोठडीत असलेल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला कमाई न विचारता वकील मिळतो.

"ये सब मैं पढ़ाती हूँ," मी म्हणाले.

"पढ़ाना अलग है, दीदी," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता.

मग कोऱ्या कागदाचा विषय निघाला. तिचं म्हणणं, एसपी साहेबांना आणि मॅजिस्ट्रेटना लेखी कळवायचं, की अमुक दिवशी कोऱ्या कागदावर सही घेतली गेली. दादा एकदम म्हणाला, "नको. मला ह्याच गावात राहायचंय. पोलिसांची तक्रार करून मी काय मिळवू?"

"शिकायत नहीं है, भाईसाहब. सूचना है. उस कागज पे कल कुछ लिखा मिले, तो आप बोल सको कि हमने उसी वक्त बता दिया था."

दादा दोन दिवस तयार झाला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीच त्याला म्हणाली, "तुम्ही नाही दिलात अर्ज, तर मी देते, माझ्या नावाने." मग त्याने दिला. तो सही केलेला कोरा कागद पुढे कधी कुठल्या फाइलीत दिसला नाही. अर्जामुळे की कुणाच्या टेबलातच राहून गेला म्हणून, मला माहीत नाही.

त्या रविवारी मी दादाला सांगितलं, की सही कर म्हणणारी मीच होते, हे मला झोपू देत नाही.

"मला कागद दिसत होता," तो म्हणाला, "तुला तर तोही दिसत नव्हता. मी तेव्हा सही केलीच असती, तू नको म्हणाली असतीस तरी. मला फक्त तिथून उठायचं होतं."

नोटिशीप्रमाणे तो तीनदा ठाण्यात गेला, प्रत्येक वेळी वेळेवर. वकीलबाईंनी बजावलं होतं, की नाही गेलात तर अटक होऊ शकते. पुढे दीड-दोन महिन्यांनी छत्र आणून देणारा माणूस सापडला. मंदिराच्या किल्ल्या त्याच्या काकांकडे असायच्या. दादाचं नाव आरोपीतून निघालं आणि साक्षीदारात आलं. साक्षीदाराचा जबाब घ्यायला पोलिसांनाच घरी यावं लागलं, कारण साठीच्या पुढच्या माणसाला त्यासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. हे त्या शिपायाला दादानेच सांगितलं, म्हणे. शिपाई आला, ओट्यावर बसला, चहा घेतला, जबाब लिहिला आणि वाचून दाखवला.

दुकानाला मात्र थोडा फटका बसला. काही घरांनी गौरींचे मुखवटे त्या वर्षी दुसरीकडे उजळून घेतले. दादा त्यांच्याशी अजूनही नीट बोलतो. त्या चोरीचा खटला चालू आहे. तारखा पडतात, साक्षीसाठी बोलावणं अजून यायचंय.

परवा शाळेतल्या एका शिक्षिकेने मला बाजूला घेतलं. तिच्या भाच्याला आमच्याच जिल्ह्यातल्या कन्नौदला मारामारीच्या प्रकरणात उचललं होतं. तिला देवासचा मोठा वकील हवा होता. मी तिला म्हणाले, आधी ठाण्यात विचार, अटक आहे का, किती वाजता केली आणि कुठलं कलम. ते लिहून घे. मग कन्नौदच्या कोर्टात जो रोज उभा राहतो त्याला गाठ, देवासचा नको. आणि भाच्याला निरोप दे, न वाचता कशावरही सही करू नको म्हणावं.

"मॅडम, तुम्हाला कायद्यातलं बरंच कळतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तू आधी फोन लाव. अटकेच्या वेळेपासून चोवीस तास मोजावे लागतील."