दंतमंजनाने घटलेला द्रख्मा

रायपुरात चांदीचा आजचा भाव सांगणारे हवे तितके भेटतील, पण दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये चांदी कशी तोलत होते याची काळजी वाहणारा माणूस या शहरात एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. रेल्वेतून निवृत्त झाले, तात्यापाऱ्यात राहतात आणि शर्टाच्या खिशात सोनाराकडे असतो तसला चपटा इलेक्ट्रॉनिक काटा बाळगतात. चष्मा घरी विसरतात, काटा विसरत नाहीत. ग्रॅम ही त्यांच्या लेखी नाइलाजाची गोष्ट. खरं माप द्रख्मा, म्हणजे ग्रीकांचं चांदीचं नाणं, आणि आपण द्रख्मा म्हटलं की ते लगेच विचारतात, "कोनचा?" कारण अथेन्सचा द्रख्मा ४.३ ग्रॅमचा, एजिनाचा सहाच्या आसपास, आणि हे दोन्ही एकच समजणाऱ्याशी ते पुढे बोलत नाहीत. माझ्या पुतण्याच्या मुलाच्या बारशाला कोणी म्हणालं, बाळ तीन किलो शंभर ग्रॅम भरलं. हे म्हणाले, "सातशे वीस. अथेन्सचे." मला असं काही ऐकून स्वस्थ बसवत नाही. मी भागाकार केला, तो सातशे एकविसाला टेकत होता. तसं सांगितल्यावर शांतपणे म्हणाले, "बापू, एक बाळाच्या हातातल्या मनगट्यांचा वजा केला."

कोरिंथ या ग्रीक शहरावर त्यांचा विशेष जीव. तिथलं मोठं नाणं वजनाला अथेन्सच्या दोन द्रख्मांएवढंच, पण कोरिंथवाले त्याचे तीन भाग करून प्रत्येकाला द्रख्माच म्हणत. हा इतिहास त्यांनी आमच्याकडे जेवताना, वाटीत दोनच गुलाबजाम उरलेले असताना, तीन मुलींना समजावला आणि सुरीने वाटणीही करून दाखवली. माझी मुलगी म्हणाली, "मौसाजी, सीधा बोलो ना, कम पड़ गए."

एवढा ध्यास, पण त्यांच्याकडे नाणं एकच. आपल्या वायव्येकडे राज्य केलेल्या एका यवन, म्हणजे ग्रीक, राजाचा हलका द्रख्मा. अथेन्सचं वजन इथे येईपर्यंत घटून अडीच ग्रॅमच्या आतच राहिलं होतं. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी, आणि सगळ्यावर काळपट थर. तो थर नाण्याचं वय, तो काढायचा नसतो, हे त्यांनी आम्हा सर्वांना सांगितलं होतं. फक्त आमच्या ताईला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, सांगायचं राहिलं. शंकर नगरात नाणेसंग्राहकांचं प्रदर्शन ठरलं आणि प्रथमच यांना एक टेबल मिळालं, तेव्हा त्यांनी नाणं डबीतून काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. लक्ष्मीपूजन तोंडावर होतं. ताईने घरातल्या लक्ष्मीच्या नाण्यांबरोबर तेही दंतमंजनाने घासलं आणि ताम्हनात मांडलं. राजा नव्या नवरदेवासारखा चमकत होता.

भाऊबीजेला आम्ही गेलो तर ताई रडवेली. "मले काय मालूम जी," ती मला म्हणाली, "काळं पडलं होतं तं घासलं. हे बोलूनच नाही राहिले." साडभाऊ काट्यासमोर बसले होते. "दोन पूर्णांक बेचाळीस होतं," ते म्हणाले, "आता अडतीस." एवढंच. घासलेल्या नाण्याकडे जाणकार बघतही नाहीत. हे टेबलाची वाट बघत म्हातारे झाले होते. आता ते जाणार नाहीत, अशी आमची सर्वांची खात्री होती.

ते गेले. ताईलाही घेऊन गेले, आणि मागोमाग आम्ही. टेबलावर ते चकचकीत नाणं आणि शेजारी त्यांच्या बारीक अक्षरातलं कार्ड: "तारणहार महाराज," ही नाण्यावरचीच पदवी, मग राजाचं नाव, मग "वजन : घासण्यापूर्वी २.४२ ग्रॅम, घासल्यानंतर २.३८. साधन : दंतमंजन. घासणारी : पत्नी." जाड भिंगवाले संग्राहक वाकून वाचत आणि हसत. एक गृहस्थ मात्र बराच वेळ थांबले. म्हणाले, "मेरे यहाँ भी हुआ था. मैंने किसी को बताया नहीं."

ताई कार्ड सावकाश वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "पत्नी म्हंजे कोन?"

"तूच ना."

"मंग नाव काहून नाही लिवलं? राजाचं तं लिवलं."

साडभाऊंनी खिशातून पेन काढलं. कार्डावर कुठे जागा नव्हती. त्यांनी ते फिरवून पाहिलं, थोडा विचार केला, मग "तारणहार महाराज" यावर पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि तिथे, नवऱ्याच्या, वडिलांच्या नावांसकट, आमच्या ताईचं पूर्ण नाव लिहिलं. ताईने पदराने डोळ्यांची कड टिपली आणि कार्ड नाण्याच्या थोडं आणखी जवळ सरकवलं.