आईचा शर्ट आन् तो चित्रकार

शी! अजून आठवलं तरी तोंड कडू होतं माझं. ऐकाच!

मी तवा दहावीत, मांडवगणला. चित्रकलेचं नुस्तं येड! ड्रॉइंगचे सर म्हणाले, पुण्याचा एक मोठा चित्रकार येतोय, त्याला शेतात काम करणाऱ्या बायांची चित्रं काढायचीत, अगदी खरीखुरी. माझा हात लगेच वर! "सर, माझी आई! आमची कांदाकाटणी चालू हाय!"

आई हसली. "माझं आन् चित्र?" पण सकाळी गुपचूप तेल लावून केस विंचरले तिनं.

तो आला, गॉगल, सेंट. आई विळा घेऊन उपटलेल्या कांद्याची पात कापत बसलेली. साडीवर माझ्या वडलांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. आमच्याकडं सगळ्याच बाया तशा बसतात, ऊन लागत न्हाई.

"बाई, तो शर्ट काढा. रिअलिस्टिक वाटत नाही."

"दादा, उन्हात शर्टाबिगर कोण बसतंय?"

चुलती बोललीच, "तूच बस म्हणावं की उघडा!" सगळ्या खिदळल्या.

आन् मी? मीच म्हणाले, "काढ ना गं आई, जरा वेळच." मीच! तिनं काढला. दंड लालभडक झाले. त्याचं आपलं चालूच, "पदर जरा खाली. अजून." नजर कागदावर कमीच. किळस येत होती मला, तरी त्याच्या ब्रशाला पाणी मीच आणून देत होते.

पुढं शिरूरला प्रदर्शन लागलं. आई म्हणाली, "नीट बघून ये, माझ्यासारखं आलंय का."

बघितलं मी. नाकात नथ, शेजारी पितळी कळशी (आमचा पाण्याचा निळा कॅन असतो हो!), पदर घसरलेला, पाठ सगळी उघडी. आन् चेहरा? हुबेहूब आईचा! समोर दोन माणसं, "वा, काय श्रमाचं सौंदर्य!" थुंकावं वाटलं.

घरी आले तर आई जेवून परत रानात निघालेली. "कसं आलंय गं?"

मी नथ सांगितली, कळशी सांगितली.

"कांदं तरी नीट काढलेत का?"

"हिरव्या पातीसकट ढीग हाय."

"पातीसकट? मग मी तिथं काय माशा मारत बसलेवते?"

हसली न्हाई. दोरीवरचा शर्ट ओढला, अंगात घातला आन् गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली.

पदराचं तर मी बोललेच नव्हते.