शेगडीवर आलेला एल

गुणाजी परबांना सगळी बिल्डिंग काका म्हणते, आणि त्यातले निम्मे लोक त्यांची उसळ खाऊन वाढलेले आहेत. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत काकांचं कँटीन होतं. काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव, बाकी काही मागायचं नाही. कारखान्याचा शेठ असो की लेथवरचा कामगार, रांग एकच आणि पळीही एकच. उसळ संपल्यावर येणाऱ्याला मालवणीत शिव्या मिळायच्या आणि तो त्या खाऊन हसत परत जायचा. पुढे चंपाकाकी गेल्या, गाळ्याच्या मालकाने गाळा विकला आणि काका मुलाकडे, सर्वेशच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. कपडे एका पिशवीत आले. भांड्यांना टेम्पो लागला.

सर्वेश आणि सून अनुपमा सकाळी कामावर जाणार, ते संध्याकाळीच उगवणार. मधली दुपार काकांची. त्या दुपारी काका काहीतरी रटरटत ठेवायचे आणि वासाने आख्खा मजला हैराण व्हायचा. मग एक दिवस दूध उतू गेलं, बर्नर विझला आणि काका टीव्हीसमोर डुलक्या घेत बसले. गॅसचा वास जिन्यापर्यंत आला, तेव्हा समोरच्या लवू राणेने दार ठोठावून त्यांना उठवलं. झालं काहीच नाही. लवूने मात्र ती गोष्ट तळमजल्यापर्यंत नेईस्तोवर निम्मी बिल्डिंग उडवून दिली होती. सर्वेशच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच. गॅस गेला आणि ओट्यावर काळ्या काचेची इंडक्शन शेगडी आली.

काकांनी तिच्यावर पहिल्याच दिवशी कँटीनचा ॲल्युमिनियमचा टोप चढवला. शेगडी कोकलली आणि तिने आकडा दाखवला, ई झिरो. काकांनी टोप उचलून परत ठेवला, फिरवून ठेवला, शेवटी नीट समजावूनही सांगितलं. शेगडी ऐकेना. लवू येऊन बघून गेला आणि म्हणाला, "काका, ती म्हणतेय टोपच नाहीये. एवढा मोठा टोप दिसत नाही म्हणजे तिला चष्मा लागलाय."

सर्वेशला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये. "हात लावू नका बाबा, मी आल्यावर बघतो," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला. आयुष्यभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस संध्याकाळपर्यंत चहासाठी थांबणार होय? काकांनी चारकोप मार्केटमधलं भांड्यांचं दुकान गाठलं. तिथे कळलं की या शेगडीला लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालतं. घरी येऊन त्यांनी फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढला, सगळी भांडी ओट्यावर पालथी घातली आणि एकेकाच्या बुडाला गणपती लावून पाहिला. कँटीनच्या एकाही टोपावर देव थांबेना. सगळ्यांवरून घसरला. शेवटी एका स्टीलच्या पातेल्याला घट्ट बसला. पातेल्याच्या काठावर नाव कोरलेलं होतं, सौ. चंपा गु. परब. काकांनी ते पदराने पुसावं तसं खांद्यावरच्या पंचाने पुसलं आणि शेगडीवर चढवलं.

उसळ शिजायला लागली आणि शेगडी मध्येच गार पडली. आता ई टू. यात सुनेचा हात होता, पण तिचाही हेतू चांगलाच. ओटा खराब होऊ नये म्हणून तिने शेगडीखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. आपल्याकडे कपाटाच्या फळीपासून देवघरापर्यंत सगळ्याखाली पेपर लागतो. खालच्या पंख्याला हवा मिळेना, म्हणून शेगडी तापून बंद पडत होती. काकांनी पेपर ओढून काढला, तिचं पोट मोकळं केलं आणि उसळ पार पडली. लवूच्या घरी वाटीभर गेली. संध्याकाळी सर्वेशने दोन वेळा वाढून घेतली, पण जेवताना मान काही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेगडी मुकी. बटणं दाबली तरी नुसता एल. काकांनी गणपती लावून पाहिला, खाली पेपर नाही ना हे वाकून पाहिलं, प्लगही काढून घातला. एल हटेना. तेव्हा त्यांनी कंपनीच्या नंबरवर फोन केला. मराठीसाठी कुठलं बटण ते दोनदा ऐकलं आणि पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी आली. काका कौतुकाने तिला सांगायला लागले, ई झिरो मला कळतो, ई टू मीच दुरुस्त केला, हा एल तेवढा नवा आहे.

"एल म्हणजे बिघाड नाहीये सर," मुलगी म्हणाली. "ते चाइल्ड लॉक आहे. कोणीतरी मुद्दाम लावलंय. घरात लहान मूल आहे का?"

सर्वेशला मूलबाळ नाही.

"आहे," काका म्हणाले.

मग ते कसं काढायचं हे तिने सांगितलं. कडेचं बटण बीप वाजेपर्यंत दाबून धरायचं, लावायचंही तसंच. काकांनी तिचे आभार मानले. बटण दाबलं, बीप वाजला. अर्धा कप चहा केला, उभ्यानेच प्यायले, कप विसळून पालथा घातला. पुन्हा तेच बटण दाबलं. एल परत आला.

संध्याकाळी सर्वेश बूट न काढता आधी ओट्याकडे डोकावला आणि समाधानाने आत गेला. ते काकांनी पाहिलं. पुढे रोजचंच झालं. सकाळी डबा झाकून ठेवलेला असायचा, काका तो गारच खायचे. लवूने चिडवून पाहिलं की काका, रिटायर झालात काय. काका हसलेसुद्धा नाहीत, तेव्हा लवूनेही विषय सोडला.

मग सर्वेशच्या ऑफिसातली माणसं रविवारी जेवायला यायची ठरली. त्याने तिथे बापाच्या उसळीची भरपूर फुशारकी मारून ठेवली होती. तो मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, तुमच्या हातची उसळ करा ना. वाटाणे भिजवलेत अनुपमाने." आणि ओट्याकडे गेला, काकांना दिसू नये म्हणून पाठ आड करून उभा राहिला आणि एक बटण दाबून धरलं. बीप वाजला.

काका खिडकीतून खाली बघत होते.

"माका त्या मशीनातला काय कळणा नाय रे," ते म्हणाले. "हात लावलंय आणि काय झाला तर?"

उसळ बाहेरून मागवली. पाहुण्यांनी झकास म्हणून खाल्ली. चंपाकाकींचं पातेलं त्या दिवशी दह्याला वापरलं.