अक्कांनी उसना दिलेला आवाज

आमचं पॉडकास्ट जळगावच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत रेकॉर्ड होतं. खिडकीवर दोन गोधड्या टांगायच्या, पंखा बंद करायचा आणि बोलायला बसायचं. खानदेशातल्या बायका आपापल्या बोलीत आपल्या आयुष्यातलं काहीबाही सांगतात. मी ते कापते, जोडते आणि दर आठवड्याला एक भाग टाकते. पहिल्या श्रोत्या माझ्या सासूबाई. त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. अक्का धुळ्याकडच्या, शिरपूरच्या बाजूच्या. त्यांची अहिराणी अजून जशीच्या तशी. माझं माहेर जामनेरकडचं, तिथली बोली निराळी. त्यामुळे लग्नानंतर बरेच दिवस आम्ही दोघी एकमेकींशी पुस्तकी मराठीच बोलायचो, पाहुण्यांशी बोलावं तशा.

माहेरच्या ओळखीतल्या एक मावशी एकदा रेकॉर्डिंगला आल्या. त्यांच्याबद्दल सांगतेय त्यातल्या काही खुणा मी त्यांना विचारून बदलल्या आहेत. बसल्याबसल्याच त्या म्हणाल्या, "सांगायचं तं हाये, पन माह्यं नाव नको घेजो."

मावशी केळीवाल्यांच्या मोठ्या खटल्यातली थोरली सून. एका उन्हाळ्यात त्यांनी सासरी सांगितलं, माहेरी जाते. माहेरी निरोप धाडला, यंदा येणं होत नाही. आणि बसमध्ये बसून त्या सरळ दीपनगरला गेल्या. तिथल्या वीजकेंद्राच्या कॉलनीत त्यांची शाळेतली मैत्रीण राहायची. तिच्या क्वार्टरमध्ये मावशी उशिरापर्यंत झोपल्या, दुसरीच्या हातचं आयतं जेवल्या, संध्याकाळी कॉलनीच्या रस्त्यांवर हातात हात घालून फिरल्या. बस, एवढंच. नंतर घरी आल्या आणि कामाला लागल्या. कोणाला कधी कळलं नाही.

"चार दिवस मले कोनी हाक नाही मारली," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसून हसल्या.

मावशींचे यजमान आजही आहेत. माणूस भला आहे. पण ते विचारणार 'कुठे होतीस', आणि भाऊबंद विचारणार 'कोणाबरोबर'. म्हणून मी काळजी घेतली. नाव काढलं, गाव काढलं, मैत्रिणीचं नाव काढलं. मध्येच त्यांचा मोबाइल भजन म्हणत वाजला होता, तेही कापलं, कारण ती रिंगटोन अख्ख्या गल्लीला पाठ असणार. मग नेहमीसारखा भाग अक्कांना ऐकायला दिला.

अक्का कोथिंबीर निवडत ऐकत होत्या. अर्धंही झालं नसेल, त्यांनी कानातली वायर काढली.

"पहूर-जामनेरकडनी बाई शे. घर मोठं शे. थोरली सून दिखस."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"नही वं."

"मग कसं कळलं? नाव तर कुठेच नाही."

"बोलस ना ती," अक्का म्हणाल्या. "माले एवढं समजनं. तिन्या जावास्ले बठ्ठं समजी."

आणि खरंच होतं ते. जावांना सगळं कळेलच, पण तिच्या गावातलं शेंबडं पोरही पहिल्या वाक्याला सांगेल की ही कोण.

माझ्या नवऱ्याने आवाज बदलायचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. आवाज जाड केला की मावशी खंडणी मागायला फोन केल्यासारख्या वाटायच्या, बारीक केला की कार्टूनमधल्या उंदरासारख्या. शेवटी मी मावशींना फोन करून सांगितलं, हा भाग राहू देऊ या. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी तोंडातून निंगालं माय. कोनी तरी ऐकू दे. पन मी म्हनून नको."

हे मी आबा, म्हणजे माझे सासरे, जेवून उठल्यावर अक्कांना सांगितलं. त्या परात बाजूला सारून म्हणाल्या, "यामा काय शे एवढं? मी सांगस नं. बठ्ठं तिन्हं, तोंड तेवढं मन्हं."

मावशींची परवानगी घेतली आणि अक्कांना गोधड्यांच्या खोलीत बसवलं. त्यांनी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं होतं, तरी पाठ केल्यासारखं म्हटलं नाही. केळीच्या जागी कापूस आला, दीपनगर गेलं, मैत्रीण राहिली. त्या एका वाक्याशी आल्या, "चार दिन माले कोनीच हाक मारी नही," आणि थांबल्या. मी माइकपलीकडून पाहत होते. त्या समोरच्या गोधडीकडे बघत होत्या. ती शांतता मी कापली नाही, भागात तशीच ठेवली.

फोनवरून मावशींना ऐकवलं तर त्या म्हणाल्या, "ही बाई कोन आहे वं? लय चांगलं सांगते." आणि मग हळूच, "माह्यंच आहे ना ते?"

राहिलं मूळ रेकॉर्डिंग. मला वाटत होतं ते फक्त माझ्या लॅपटॉपवर आहे. शोधायला लागले तर फोनमध्ये एक प्रत, आपोआप बॅकअप होतो तिथे एक, आणि त्याच खात्यावरून घरातल्या टॅबवरही. त्या टॅबवर सोसायटीतली पोरं येऊन गेम खेळतात. एका बोटाच्या अंतरावर मावशींचा आवाज पडून होता. सगळीकडून पुसलं, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढलं, पासवर्ड बदलला, टॅब खात्यातून तोडला. एकच प्रत ठेवली, कारण मावशी डोळे दाखवायला जळगावला येणार होत्या आणि त्यांना एकदा स्वतःला ऐकायचं होतं.

आल्या, पलंगावर मांडी घालून बसल्या. अक्काही बाजूला बसल्या. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. मावशींनी आपला आवाज शेवटपर्यंत ऐकला. मग मी कुठलं बटण ते दाखवलं आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबलं.

"पुसलं?"

"पुसलं."

"मंग च्या ठेव," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी अक्कांच्या आवाजातला भाग टाकला. सुरुवातीलाच मी म्हटलं होतं की ही गोष्ट सांगणारीची स्वतःची नाही. पण सुरुवात कोण ऐकतं! दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून अक्कांच्या नणंदेचा फोन. "वहिनी, तू कवय गयथी वं? आम्हले पत्ताच नही!" अक्का मजेत म्हणाल्या, "तुम्हले पत्ता राहता तं मी जाती का?"

मी हातवारे करत होते, खरं सांगा म्हणून. त्यांनी पाठ फिरवली.

आबांनीही ऐकलं होतं. चहाच्या वेळी ते बऱ्याच वर्षांचे हिशेब लावत बसले. "तू त्या आखाजीच्या सणाला माहेरी गेली होतीस, तेव्हा का?" अक्का म्हणाल्या, "तुम्हले जवय वाटस तवय." आबांनी चहा अर्धाच ठेवला. स्वयंपाकघरात मी अक्कांना म्हटलं, "आबांना तरी सांगा. त्यांना वाईट वाटत असेल."

"तिनी तुले सांगं, तू माले सांगं," त्या म्हणाल्या. "आते पुढे नही."

तिसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "पुढच्या वेळी सांगून जा. निदान स्टँडवर सोडायला येईन."

अक्कांचा हात परातीतच थांबला.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी खरंच पिशवी भरली. आबांनी स्कूटर काढली, अक्का मागे बसल्या, पिशवी मांडीवर. तासाभराने आबा एकटे परत आले.

"कुठल्या बसमध्ये बसल्या?" मी विचारलं.

आबांनी किल्ली खिळ्याला अडकवली. "पाटी नाही वाचली मी," ते म्हणाले. "तोंड फिरवून उभा होतो."