भाड्याचा रिकामा रकाना

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या आईचे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोचे. मध्य प्रदेशातल्या निंबोल्यात आमच्या घरातल्या कोणीच कॉलेज पाहिलं नव्हतं. मला बुऱ्हाणपूरला प्रवेश मिळाला तेव्हा रोज जायचं कसं, याच्यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठी आई माझ्याबरोबर रस्त्यावर येऊन उभी राहिली. केळी भरलेल्या पिकअपला तिने हात केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, याला कॉलेजपाशी उतरव."

तीन वर्षं असंच चाललं. गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलले, भाडं कोणी मागितलं नाही. आमच्याकडे ओळखीच्या गाडीत माणूस बसला किंवा कोणी गठ्ठा टाकला तर भाडं विचारत नाहीत. विचारलं तर समोरचा परकं केल्यासारखं मनाला लावून घेतो. घरातला पहिला पदवीधर मी असा झालो.

पुढे मी बुऱ्हाणपुरातच एका खाजगी शाळेच्या ऑफिसात लागलो. मोठी आई तोवर गावातल्या बायकांच्या शिवणगटाची अध्यक्ष झाली होती. चाळिशीत प्रौढांच्या वर्गात जाऊन ती लिहायला शिकली. सही करताना ती अजूनही ओठ मिटून घेते आणि शेवटची रेघ ओढून झाल्यावरच श्वास सोडते.

एका सरकारी विभागाने जिल्ह्यातल्या वसतिगृहांसाठी चादरी आणि उशांचे अभ्रे शिवून घ्यायचं टेंडर काढलं. गटाने आजवर घेतलेल्या कामांपेक्षा हे पुष्कळ मोठं होतं. मिळालं असतं तर बारा बायकांना वर्षभर शिवण पुरलं असतं. कागद मी भरायचे, हे न विचारताच ठरलं. "शिकेल पोरगा आहे घरात, मग वकील कशाला?" असं एक जण म्हणाली आणि मला ते आवडलं.

ओसरीवर बसून आम्ही कागद भरले. प्रत्येक वसतिगृहापुढे माल पोहोचवण्याच्या भाड्याचा रकाना होता. नेपानगर, चांदनी, अशी नावं खाली खाली जात होती.

"इथं काय लिहू?" मी विचारलं.

"काय लिहितो? चांदनीकडे गाड्या जातातच ना. गठ्ठे टाकून देऊ. आपण कधी पोहचवायचं घेतलं का कोणाकडून?"

"मग शून्य लिहितो."

"घ्यायचंच नाही तर लिहायचं कशाला? राहू दे तसंच."

सहाव्या पानावर अटी होत्या. कोणताही रकाना रिकामा ठेवू नये, रक्कम नसेल तिथे शून्य लिहावे, अशी त्यातली एक. मी ती वाचली होती. तरी रकाना तसाच ठेवला. त्याच रस्त्यावर तीन वर्षं फुकट बसून गेलेल्या मला तो रिकामा रकाना चुकीचा वाटला नाही. मोठ्या आईने प्रत्येक पानाखाली सही केली. सहाव्याखालीही.

वीस दिवसांनी पत्र आलं. प्रस्ताव अपूर्ण असल्याने विचारात घेतलेला नाही.

गावात बोलणं सुरू झालं. माझ्यासमोर कोणी काही म्हणालं नाही, पण गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "कागदावर सही कोणाची? अध्यक्षबाईचीच ना? मग त्यांनाच विचारा." दुसरी म्हणाली, "अक्षर येऊन चार दिवस झाले, अन् चालली टेंडर भरायला." हे मला मोठ्या आईने फोनवर सांगितलं, जसं ऐकलं तसं. शेवटी एवढंच म्हणाली, "पुढच्या बैठकीत म्हणे अध्यक्ष बदलू."

आक्षेप घ्यायला सात दिवस होते. मी अर्ज लिहिला. आमचे दर पूर्ण आहेत, एकूण रक्कम लिहिलेली आहे, भाडं मागितलेलंच नाही, म्हणजे ते आम्हीच सोसणार; एवढ्यासाठी प्रस्ताव बाजूला ठेवणं योग्य नाही, असं त्यात होतं. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज टाइप करणारे एक काका बसतात. त्यांनी तो वाचला आणि चष्मा वर केला.

"बेटा, इतना घुमाने की क्या जरूरत है? लिख दो, छठा पन्ना मिला ही नहीं. बात खतम."

मी तसं लिहिलं नाही, पण ते डोक्यातून गेलंही नाही. अर्जात नव्हतं, तरी तोंडी सांगता आलं असतं.

सुनावणीला टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधल्या साहेबांनी अर्ज शांतपणे वाचला. मला वाटलं होतं तसे ते रागीट नव्हते.

"आज खाना खाली है," ते म्हणाले. "माल पहुँचाकर कल आपने भाड़ा माँगा, तो मैं किसको क्या दिखाऊँगा?"

"साहेब, आमच्याकडे गठ्ठ्याचं भाडं घेतच नाहीत."

त्यांच्या शेजारचे हसून मराठीत म्हणाले, "अहो, ते आम्हाला माहीत आहे. फायलीला कसं माहीत असणार?"

मग मधल्या साहेबांनी विचारलं, "शर्तोंवाला पन्ना मिला था आपको?"

फाईल त्यांच्यासमोर उघडी होती. मला उलटी दिसत होती, तरी सही ओळखू आली. मी नाही म्हणालो असतो तर न वाचता सही केल्याचा ठपका तिच्यावर आला असता, आणि तिने तर एकेक पान माझ्याकडून समजून घेऊन सही केली होती.

"मिळालं होतं," मी म्हणालो. "वाचलंही होतं."

आक्षेप फेटाळला गेला. बाहेर आल्यावर मी मोठ्या आईला फोन करून सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही. ती म्हणाली, "फोनवरचं मी सांगितलं तर बायका म्हणतील, हिनंच रचलं. तू लिहून दे. मी बैठकीत वाचून दाखवते."

त्याच संध्याकाळी मी लिहिलं. माझ्याकडे त्याची प्रत आहे.

तीर्थस्वरूप मोठ्या आईस,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र बैठकीत पूर्ण वाचावं, मधली एकही ओळ सोडू नये.

आपला आक्षेप आज फेटाळला. साहेबांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं, कोणी वाकडं बोललं नाही. भाड्याचा रकाना आपण रिकामा ठेवला, म्हणून प्रस्ताव अपूर्ण धरला. शून्य लिहायला हवं होतं.

रकाना तसाच राहू दे, असं तू म्हणालीस हे खरं. पण शून्य लिहिण्याची अट सहाव्या पानावर होती आणि ती मी आधीच वाचली होती. इतर अटी तुला समजावून सांगितल्या, ही सांगितली नाही. मला ती किरकोळ वाटली. तू ज्या पानांवर सही केलीस त्यांत काय आहे ते मी सांगेन, या विश्वासावर केलीस. तेव्हा चूक कागद भरणाऱ्याची आहे, सही करणारीची नाही. काम गेलं ते माझ्यामुळे. गटातल्या सगळ्यांची मी माफी मागतो.

अध्यक्ष बदलायचा की नाही हे बैठकीने ठरवावं. मात्र या कारणाने बदलू नये, एवढी माझी विनंती आहे.

टेंडर पुढच्या वर्षी पुन्हा निघेल, असं तिथे कळलं. तेव्हा कागद भरायचं माझ्याकडे द्यायचं असेल तर द्या. आधी सगळ्या अटी बैठकीत मोठ्याने वाचू आणि प्रत्येक वसतिगृहापुढे शून्य लिहू. गठ्ठे आपण नेहमीसारखेच पाठवू.

हे पत्र केळी उतरवून गावाकडे परत निघालेल्या पिकअपमध्ये देतो आहे. ड्रायव्हर घरापाशी थांबेल. त्याला चहा दे.

तुझा पुतण्या