म्हात्रे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं

म्हात्रे बाई गेल्याचा निरोप शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. निरोप वाचला, फोन पर्समध्ये ठेवला आणि फळ्यावरचं अर्धवट गणित पूर्ण केलं. असं का केलं, ते महिना होत आला तरी मला कळलेलं नाही...

कामोठ्याच्या आमच्या शाळेत बाई मराठी शिकवत, मी गणित. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली, पण जवळ आलो ते कोरोनानंतर शाळा उघडली तेव्हा. माझ्या वर्गातल्या साक्षीचे वडील न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवायचे. ते कोरोनाच्या लाटेत गेले होते. मुलगी शाळेत यायची, वही उघडायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. एक दिवस तिची आई भेटायला आली. म्हणाली, "बाई, घरी पण बोलत नाय. आमी काय करू?" मी राहिलेल्या गृहपाठाबद्दल काहीतरी बोलले. पुढच्या तासाला हजेरी घेताना साक्षीचं नाव आलं आणि मला सगळ्या वर्गासमोर रडू कोसळलं. त्याच लाटेत माझी आईही गेली होती, आणि तिच्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑनलाइन तास घ्यायला बसले होते.

शेजारच्या वर्गातून बाई आल्या. मला प्रयोगशाळेत नेऊन स्टुलावर बसवलं. "आज तू शिकवू नकोस. रड, नाहीतर नुसती बस. वर्ग मी बघते." पुढे मुख्याध्यापकांच्या मागे लागून त्यांनी शनिवारचा एक तास मोकळा करून घेतला. कुणी बोलायचं, कुणी चित्र काढायचं, शिक्षकांनीही मुलांबरोबर गोलात बसायचं. पोर्शन मागे पडतो म्हणून कुरकुरणाऱ्यांत मीही होते. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी साक्षी आपणहून बोलली. पप्पा घाटात गाडी थांबवून फोन करायचे, एवढंच.

दिवसकार्याला हे सगळं मी बाईंच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, शाळा उघडली त्याच महिन्यात माझा मामा गेला. आई शाळेतून आली की दार लावून बसायची. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मला ठाऊक नव्हतं. स्टाफरूममध्ये कुणालाच नव्हतं.

बाई खंबीर होत्या, की आम्ही कधी विचारलंच नाही म्हणून गप्प राहिल्या? त्या गोलात बसून त्या स्वतःबद्दल काय बोलल्या, ते आठवायला जाते. एक वाक्यही आठवत नाही. कधी माझाच राग येतो, कधी त्यांचा... आणि मग गेलेल्या माणसावर रागावल्याची लाज वाटते.

मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी बाई व्हरांड्यातून एक फेरी मारायच्या, प्रत्येक वर्गात डोकावत. हल्ली ती फेरी मी मारते. नेमकं काय बघायचं असतं, ते त्यांना विचारायचं राहूनच गेलं. परवा पाचवीच्या रिकाम्या वर्गात नव्या आलेल्या शिक्षिका एकट्याच बसलेल्या दिसल्या. मी आत गेले आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसले.